एकोणिसाचा हट्ट

“काका, पंखा बंद करा. आणि दोन मिनिटं शिंकू नका.”

मे महिना, दुपारचे तीन, रत्नागिरीत मारुती मंदिराजवळचा कॉम्प्युटर दुरुस्तीचा आठ बाय दहाचा गाळा. तिथं पंखा बंद करायचा म्हणजे काय, हे कोकणात उन्हाळा काढलेल्यालाच कळेल. पण पोराचं म्हणणं बरोबर होतं. चिमट्याच्या टोकाला त्यानं जे धरलं होतं, ते खसखशीच्या दाण्याएवढं होतं. एक मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर रुंद, काळी पाठ आणि दोन्ही टोकांना चंदेरी ठिपका. हा रेझिस्टर. वाऱ्यानं उडाला असता तर संध्याकाळपर्यंत जमिनीवर रांगूनही सापडला नसता. किंमत म्हणाल तर पैशांत, आणि पैसे आता कुणी हातातही घेत नाही. पण तो दाणा जागेवर बसला की माझा कॉम्प्युटर थेट बॅटरीच्या बारा व्होल्टवर चालणार होता. तोवर तो एकोणिसाचा हट्ट सोडत नव्हता.

हे खूळ डोक्यात शिरलं निसर्ग वादळात. ३ जून २०२० ला ते श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्याला लागलं, आणि त्याच्या तडाख्यात आमच्या जिल्ह्यातले दापोली-मंडणगड आडवे झाले. आमचं गाव दापोली तालुक्यात. माड पडले, पोफळी पडल्या, पणज्यानं लावलेली कलमं मुळांसकट उताणी झाली आणि त्यांच्या जोडीनं विजेचे खांब. कित्येक वाड्यांत लाइट यायला आठवडे लागले. त्यात लॉकडाऊन, त्यात शाळा मोबाइलवर. ज्याच्याकडे जीप त्याच्या दारात चार्जिंगला रांग, असे ते दिवस. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की घरात अडचण विजेची नव्हती. ओटीवर १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी होती, बागेत सोलरचं एक पॅनल होतं. अडचण होती ती त्या विजेला यंत्राच्या पसंतीचं रूप देण्याची.

इथं थोडं विषयांतर करतो, कारण रत्नागिरीकर विजेबद्दल बोलायला लागला की हे येतंच. कोयनेचं भूमिगत वीजघर चिपळूण तालुक्यात पोफळीला. अंजनवेलला एकेकाळचा एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प, जो १९९९ मध्ये सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला आणि २००५ पासून रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावानं उभा आहे. क्षमता १९६७ मेगावॉट. जयगडला कोळशावरचे १२०० मेगावॉट. एवढं सगळं एका जिल्ह्यात, आणि तरी पहिल्या वळिवाला लाइट जाते. लोक चिडतात, पण यात गूढ काही नाही. वीज तयार होणं वेगळं आणि ती फणसाच्या फांद्यांमधून, खाऱ्या वाऱ्यातून, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडणाऱ्या पावसातून शेवटच्या वाडीपर्यंत पोचणं वेगळं. आमचा वायरमन छातीभर पाण्यातून डीपीपर्यंत गेलेला मी पाहिला आहे. त्याला नावं ठेवण्यापेक्षा आपल्या ओटीवरच्या बॅटरीचा हिशेब नीट करावा, असं मला वाटू लागलं.

हिशेब असा. बॅटरीत वीज आहे १२ व्होल्ट डीसी. इन्व्हर्टर तिला २३० व्होल्ट एसी करतो. कॉम्प्युटरचा चार्जर त्या २३० ला पुन्हा उतरवून १९ व्होल्ट डीसी करतो. आणि मशीनच्या पोटात गेल्यावर तेच १९ व्होल्ट ५, ३.३ आणि प्रोसेसरसाठी जेमतेम १ व्होल्टपर्यंत खाली येतात. म्हणजे तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर जायला आधी विसाव्यावर चढायचं आणि मग उतरत यायचं. दर टप्प्याला थोडी वीज उष्णता होऊन जाते. शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाही खातो, आणि खरी मेख तिथं आहे. पंखे, ट्यूब, टीव्ही यांच्या गर्दीत ते खाणं दिसत नाही. पण माझं मशीन होतं ऑफिसातून निवृत्त झालेलं, मोठ्या डिक्शनरीएवढं मिनी पीसी. ते साध्या लिहिण्यावाचण्याला दहा वॉटच्या आसपास घेतं. मी क्लॅम्प मीटर लावून बॅटरीच्या वायरीवर मोजलं तेव्हा इन्व्हर्टरमार्गे २.३ अँपिअर जात होते, म्हणजे अठ्ठावीस वॉट. दहा वॉटच्या पाहुण्यासाठी अठरा वॉटची सरबराई.

बाकीच्या घरानं हा प्रश्न कधीच सोडवला होता. वायफायचा राउटर १२ व्होल्टचा, सीसीटीव्ही १२ चा, सेट-टॉप बॉक्स १२ चा. आंब्याच्या दिवसांत बागेत चोरांवर नजर ठेवणारा कॅमेरा सोलर आणि बॅटरीवर सुखानं चालतो. एकटा कॉम्प्युटरच एकोणिसाचा हट्ट धरून बसलेला.

हा हट्ट आला कुठून, हे कळल्यावर मला हसू आलं. मिनी पीसी म्हणजे पडदा, कीबोर्ड आणि बॅटरी काढून घेतलेला लॅपटॉपच. आतली रचना बहुतेक तीच. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत लिथियमचे चार सेल एकापुढे एक लावलेले असत. प्रत्येक सेल भरला की ४.२ व्होल्ट, चारांचे १६.८. बॅटरी भरायची तर चार्जर त्याहून वर हवा, म्हणून १९-२०. पुढे बॅटरी गेली, पण चार्जर राहिला. घरातला जावई केव्हाच परदेशी गेला, तरी ताट वाढणं चालूच. बोर्डावरचे सगळे कन्व्हर्टर व्होल्टेज उतरवणारे असतात. त्यांना १ किंवा ५ व्होल्ट काढायला १२ पुरून उरतात. मोठ्या डेस्कटॉपमध्ये प्रोसेसरला पूर्वीपासून १२ व्होल्टवरूनच वीज मिळते. इंटेलनं तर पॉवर सप्लायनं नुसते १२ व्होल्टच द्यावेत असं मानकच काढलं. त्यांच्याच ‘नुक’ मालिकेतल्या बऱ्याच छोट्या पीसींच्या लेबलावर १२ ते १९ व्होल्ट असं सरळ छापलेलं असे. तेव्हा कुणाला हे करायचं असेल तर आधी असं लेबल असलेलं मशीन शोधावं. माझ्याकडे नव्हतं, म्हणून ही कथा.

मग १९ ला अडून बसलेलं मशीन १२ देऊन पाहिलं तर का उठत नाही? त्याला वीज पुरत नाही म्हणून नव्हे. दारात पहारेकरी आहे म्हणून. हे मला त्या पोरानं दाखवलं. त्याचं नाव देत नाही. “नाव नको काका, लोक वॉरंटीतली मशीनं घेऊन येतील,” असं त्यानंच बजावलं आहे. शिक्षण पॉलिटेक्निकचं, पण हात तयार झाला तो २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर, चिखलातून काढलेले शेकडो बोर्ड धुऊन धुऊन.

त्यानं मशीनला टेबलावरचा पॉवर सप्लाय जोडला, ज्याचे व्होल्ट बटणानं कमी-जास्त करता येतात आणि शेजारी अँपिअर दिसतात. १९ वर आकडा होता ०.५१. त्यानं बटण हळूहळू डावीकडे फिरवलं. १८, १७, १६. आणि अँपिअर चढत गेले: ०.५४, ०.५७, ०.६०. मी शाळेत ओहमचा नियम पाठ केलेला माणूस. व्होल्ट कमी तर अँपिअर कमी, एवढंच डोक्यात. इथं उलट चाललेलं. “मशीनला वॉट हवेत काका. व्होल्ट कमी दिले तर ते अँपिअर जास्त ओढून आपलं पोट भरतं.” नव्वद टक्के गोष्ट मला त्या दोन आकड्यांच्या झोक्यात कळली. पुस्तक वाचून कळली नसती.

१५.८ ला टक् झालं आणि मशीन मेलं. बटण थोडं वर नेलं की पुन्हा जिवंत. “बघा. सोळाला धापही लागली नव्हती. कुणीतरी आतून कडी लावली.”

ती कडी म्हणजे दोन रेझिस्टर आणि एक चिप. आत येणाऱ्या व्होल्टेजचा एक ठरावीक हिस्सा दोन रेझिस्टरमधून पाडून चिपच्या एका पायाला दिलेला असतो. तो हिस्सा १.२ व्होल्टच्या वर असेल तर चिप म्हणते, आत या. खाली गेला की दार बंद. आमच्या बोर्डावर वरचा रेझिस्टर १०० किलोओहमचा आणि खालचा ८.२ चा निघाला. त्रैराशिक मांडलं तर दार बरोबर १५.८ ला बंद होतं. हा पहारा वेडेपणाचा नाही. चुकीचा किंवा मरतुकडा चार्जर लावला तर अँपिअर भरमसाट चढून बोर्ड जळू नये, म्हणून कारखान्यानं ठेवलेला आहे. फक्त त्याला हुकूम १९ च्या घराचा मिळालेला, आणि आमचं घर १२ चं.

आता खरी कबुली. हे सगळं मी सरळ रेषेत सांगतोय, पण घडलं तसं नाही. हा दुसरा बोर्ड होता. पहिल्यावर आम्ही ८.२ चा रेझिस्टर काढून १३ चा बसवायला गेलो. हिशेब चोख होता. पण हॉट एअर गनचा वारा जरा जास्त झाला की घाई नडली, कोण जाणे. रेझिस्टर निघताना खालचा तांब्याचा ठिपका, ज्याला हे लोक पॅड म्हणतात, तोच उखडून आला. केसासारखी वायर ओढून तो जोडण्याचा प्रयत्न झाला. डाख शेजारच्या पायावर सांडला. चालू केल्यावर एक बारीक धुराची रेघ आणि भाजलेल्या सुपारीसारखा वास. बारावर चालवायला गेलो आणि बोर्डाचेच बारा वाजले. साडेचार हजारांना पडलं. घरी ते अजून दीड हजार आहे.

दुसऱ्या वेळी पोरानं काहीच काढलं नाही. १०० किलोओहमच्या रेझिस्टरच्या पाठीवर १८० चा दुसरा बसवला. दोघं समांतर जोडले की मिळून होतात सुमारे ६४, आणि दार १५.८ ऐवजी १०.६ वर येतं. म्हणून पंखा बंद. त्यानं भिंगाखाली आधी फ्लक्सचा थेंब ठेवला, दाणा दाण्यावर टेकवला, सोल्डरिंगचं टोक एकदा डाव्या कडेला लावलं, एकदा उजव्या. चांदीची कड वितळून चकाकली आणि थिजली. आई डोसा उलटते तेवढा वेळ. मग बटण डावीकडे. १६, १५, १४. १२ ला ०.८० अँपिअर. मशीन चालू. ११. चालू. १०.६ ला टक्. आम्ही दोघंही काही बोललो नाही. त्यानं पंखा लावला.

कुणी म्हणेल, झालं. इथं तर कटकटी सुरू झाल्या. गावाला नेऊन बॅटरीला जोडलं आणि मशीन पाच मिनिटं चालून पडायचं. उठायचं, पडायचं. विशेषतः व्हिडिओ लावला की. मी पोराला फोनवर दोन शब्द सुनावले. तो शांतपणे म्हणाला, “वायर कुठली लावलीत?” मी लावली होती घरात पडलेली बेलची वायर, ओटीपासून माजघरापर्यंत पाच मीटर. म्हणजे जाऊन-येऊन दहा. त्याच्या तोंडचा हिशेब: अर्ध्या चौरस मिलिमीटरची तार, दहा मीटरला साधारण ०.३५ ओहम; व्हिडिओला मशीन तीन अँपिअर ओढणार, म्हणजे एक व्होल्टहून जास्त वाटेतच सांडणार. बॅटरी थोडी उतरलेली असेल तर मशीनच्या तोंडाशी पोचतात साडेदहा. पहारेकरी दार लावतो, ओढ थांबते, व्होल्टेज वर येतं, तो दार उघडतो. लंगडीचा खेळ. १९ व्होल्टला तीच ताकद पातळ वायरीतून जाते. १२ ला अँपिअर दीडपटीहून जास्त, आणि वायरीतला नाश त्याच्या वर्गानं, म्हणजे अडीचपट. चार चौरस मिलिमीटरची तार आणली, बॅटरीच्या तोंडाशीच साडेसात अँपिअरचा फ्यूज घातला. फ्यूज दुसऱ्या टोकाला लावून उपयोग नाही. वाटेत उंदरानं वायर कुरतडली तर शॉर्ट झालेली बॅटरी शेकडो अँपिअर ओकते आणि कौलारू घराला तेवढं पुरतं. मग मशीन पडणं थांबलं.

आणखी दोन खाचा सांगून ठेवतो. काही चार्जर आपली ओळख सांगतात. डेलच्या चार्जरात एवढीशी चिप असते, लेनोव्होच्या चौकोनी पिनेत एक रेझिस्टर. ओळख पटली नाही तर मशीन चालतं खरं, पण प्रोसेसर मुद्दाम रांगायला लागतो. दुसरं, बोर्डावर पंख्यासाठी १२ व्होल्टची वेगळी शाखा असेल तर तिला आता आत येणाऱ्या १२ मधून पूर्ण १२ मिळणार नाहीत. आमचा पंखा थोडा मंद फिरतो. मे महिन्यात हात लावून बघावं लागतं.

मिरकरवाड्याच्या बंदरात एका तांडेलाला मी हे सगळं उत्साहानं सांगितलं. त्यानं जाळ्यावरून नजरही न हलवता केबिनमधल्या मासे दाखवणाऱ्या यंत्राकडे बोट केलं. “ता बारावर पन चालता, चोवीसावर पन. बोटीत बॅटरी आसता ती. तुमची मशीन काय एसीत बसून बनवली?” याला उत्तर नव्हतं. बोटीवरचं यंत्र बनवणाऱ्यानं आधी बॅटरी पाहिली, मग यंत्र काढलं. ऑफिसचं मशीन बनवणाऱ्यानं भिंतीतला प्लग पाहिला.

कॉम्प्युटर बनवणाऱ्यांनाही हे सुचलं नव्हतं असं नाही, आणि असं एक मशीन आमच्या शेजारच्या जिल्ह्यात येऊन गेलंय. २००७ साली रायगडात कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या छोट्या शाळेत मुलांच्या हातात हिरवे-पांढरे, कान उभारलेले लॅपटॉप आले. एमआयटीच्या निकोलस निग्रोपॉन्टी यांच्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाचे ते एक्सओ. त्या प्रकल्पाचं पुढे काय झालं, शंभर डॉलरची घोषणा कशी फसली, शिक्षकाविना यंत्र देऊन मुलं शिकतात का, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय आणि बरीच टीका रास्त आहे. पण त्याच्या चार्जिंगच्या भोकाबद्दल कुणी बोलत नाही. त्यात ११ ते १८ व्होल्ट काहीही चालायचं. गाडीची बॅटरी लावा, सोलर लावा. चुकून ४० व्होल्ट लागले तरी मरायचं नाही, आणि वायर उलटी जोडली तरी उणे ३२ पर्यंत सोसायचं. ज्यानं ते काढलं त्याच्या डोळ्यांसमोर खेड्यातल्या मुलाचा हात होता. मी साडेचार हजारांचा धूर काढून जे शिकलो, ते त्या खेळण्यासारख्या दिसणाऱ्या यंत्रात आधीच होतं.

वाचणाऱ्यांपैकी जाणकार केव्हाचे चुळबुळत असतील: अहो, १२ चे १९ करणारं बूस्ट मॉड्यूल काही शे रुपयांना मिळतं, बोर्डाला हात कशाला लावलात? बरोबर आहे. चांगल्या मॉड्यूलमध्ये शंभर वॉटांतले पाच-दहाच जातात. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर मी त्याला तेच घ्यायला सांगितलं असतं. स्वस्त मॉड्यूल एकदा पावसाळी हवेत गंजून त्याचा व्होल्ट ठरवणारा स्क्रू सरकला आणि १९ चे २४ झाले तर काय, ही भीती मला होती. पण ती मी नंतर शोधलेली सबब आहे. खरं कारण एवढंच की सोळाला सुखानं चालणारं मशीन १५.८ ला का मरतं, हे डोळ्यांनी बघायचं होतं.

आकडे मात्र बोलतात. थेट बॅटरीवर आता मशीन ०.८५ अँपिअर घेतं. १५० ची बॅटरी अर्धीच वापरायची म्हटलं तरी ७५ अँपिअर-अवर. इन्व्हर्टरमार्गे बत्तीस तास, थेट अठ्ठ्याऐंशी. पडदा वेगळा, तो धरला तर दोन्ही आकडे उतरतात. पण फरक राहतो.

गेल्या जुलैत गावाला होतो. दोन दिवस लाइट नव्हती, पॅनलवर ऊन नव्हतं. माजघरात मशीन चालू, समोर हाच लेख. बाहेर पन्हळीचं पाणी दगडावर आपटत होतं. रात्री दहाला पोराला सहज फोन केला, जरा मिरवायला.

“मीटर किती दाखवतोय?”

“अकरा पॉइंट आठ.”

“मग बंद करा काका.”

“का? बोर्ड तर साडेदहापर्यंत ऐकतो.”

“बोर्ड ऐकेल. बॅटरी ऐकणार नाही. शिशाची आहे, रोज इतकी खाली नेलीत तर वर्षात बसेल. आधी इन्व्हर्टर तिला सांभाळून बंद व्हायचा. तो तुम्ही काढलात.”

मी फाइल सेव्ह केली, मशीन बंद केलं. राउटरचा हिरवा दिवा तेवढा राहिला. मग उठून त्याचीही पिन काढली.